‘कॅन्सर जात बघत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांचे मृत्यू मोजावेत

‘आजार काही जात बघून येत नाही.’ आरोग्याच्या चर्चेत जातीचा विषय काढला की हे वाक्य हमखास तोंडावर फेकलं जातं. डॉक्टर म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, आणि आपल्यातले शिकलेसवरलेले काही मित्रही म्हणतात. कॅन्सरचं नाव निघालं की तर बोलणंच खुंटतं. कॅन्सर म्हणजे नशीब, कॅन्सर म्हणजे जीन्स, कॅन्सर म्हणजे तंबाखू. यात जातीचा काय संबंध?

हा प्रश्न जिथे शंभर वर्षांहून अधिक काळ विचारला गेला, ज्याच्यावर आकडे गोळा झाले, भांडणं झाली, त्या देशाकडे आधी पाहू या. तो देश अमेरिका. तिथे जात नाही, वर्ण आहे. जात आणि वंश या एकच गोष्टी नाहीत, हे आपल्याला बाबासाहेबांनीच शिकवलं आहे. तरीही तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या कॅन्सरवर झालेलं संशोधन आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यायलाच हवं. समाजातली उतरंड स्त्रीच्या शरीरात कशी उतरते, आणि ती मोजली तर काय बदलतं, हे त्यात स्पष्ट दिसतं.

आजार कमी, मरण जास्त

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी आहे. पण त्याच कॅन्सरने मरण्याचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. हे वाक्य दोनदा वाचा. आजार कमी होतो आणि मरण जास्त येतं. गर्भाशयाच्या म्हणजे आपल्या बायका ज्याला पिशवीचा कॅन्सर म्हणतात त्या आजारात काळ्या स्त्रियांचा मृत्युदर गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास दुप्पट आहे.

यावर लगेच उत्तर येतं: त्यांचं रक्तच वेगळं असेल, जीन्स वेगळे असतील.

ठीक आहे. मग इतिहास बघू. १९८० च्या आसपास अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या स्त्रियांचे स्तनाच्या कॅन्सरचे मृत्युदर जवळपास सारखे होते. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. मॅमोग्राफीची तपासणी सर्रास होऊ लागली आणि टॅमॉक्सिफेनसारखी औषधं वापरात आली. गाठ हाताला लागण्याआधीच सापडू लागली, आणि सापडल्यावर तिच्यावर गोळी होती. गोऱ्या स्त्रियांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. काळ्या स्त्रियांचे तितके कमी झाले नाहीत. दरी तेव्हा पडली आणि नंतर रुंदावत गेली.

आता सांगा, दहा-पंधरा वर्षांत लाखो स्त्रियांचे जीन्स बदलतात का? जीन्स तेच राहिले. बदललं ते औषध. जोपर्यंत कुणाकडेच इलाज नव्हता तोपर्यंत दोघी सारख्याच मरत होत्या. इलाज आला तेव्हा तो कुणाच्या दारात आधी पोहोचला, कुणाच्या उशिरा, आणि कुणाच्या पोहोचलाच नाही, यावरून कोण जगणार हे ठरलं. विज्ञानाची प्रगती आपोआप सगळ्यांची होते असं मानणाऱ्यांनी हा आलेख भिंतीवर लावावा. विषम समाजात नवं औषध आलं की आधी विषमता वाढते. ती कमी करायला वेगळी लढाई लढावी लागते.

‘रक्तातच दोष’ हा जुना डाव आहे

रक्ताकडे बोट दाखवायची ही सवय आजची नाही. १८९६ मध्ये प्रुडेन्शिअल या विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन याने एक जाडजूड पुस्तक लिहिलं. काळे लोक जास्त मरतात याचं कारण त्यांचा वंशच दुबळा आहे, असं त्याने आकड्यांच्या राशी रचून मांडलं. या असल्या ‘विज्ञाना’च्या आधारावर काळ्या माणसांना विमा नाकारणं सोपं झालं. गुलामगिरी, उपासमार, कोंदट खोल्या, डॉक्टरच नसणं हे सगळं त्याच्या हिशेबातून गायब होतं.

त्याला आकड्यांनीच उत्तर दिलं डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी. १८९९ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातल्या काळ्या वस्तीचा घरोघर जाऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. १९०६ मध्ये अटलांटा विद्यापीठातून त्यांनी कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावर स्वतंत्र ग्रंथ संपादित केला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मृत्युदरातला फरक वंशाचा नाही, परिस्थितीचा आहे, आणि परिस्थिती बदलली की फरक कमी होतो. हेच ते ड्युबॉइस, ज्यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेणारा अर्ज बाबासाहेबांना हवा होता. अस्पृश्यांचा प्रश्न आणि त्यांचा प्रश्न यांतलं साम्य त्यांना तेव्हाच दिसत होतं. म्हणून हा विषय आपल्यासाठी परका नाही.

गंमत पुढे आहे. याच हॉफमनने १९१३ मध्ये कॅन्सरच्या धोक्यावर गाजलेलं भाषण केलं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत कॅन्सरविरोधी संस्था उभी राहिली. त्या काळात कॅन्सर हा ‘सुसंस्कृत’ समाजाचा, म्हणजे गोऱ्यांचा आजार समजला जायचा. जनजागृतीतला चेहरा मध्यमवर्गीय गोऱ्या बाईचा होता. काळ्या बाईला कॅन्सर कमी होतो, असं पक्कं मानलं गेलं. ज्या बाईला इस्पितळाचं दारच उघडत नव्हतं, जिच्या मृत्यूचं कारण कुणी नीट लिहीतच नव्हतं, तिचा कॅन्सर नोंदीत कुठून येणार? आधी तिला मोजलं नाही, मग तिला तो आजार होतच नाही म्हटलं, आणि पुढे ती मरताना दिसली तेव्हा तिचं रक्त दोषी ठरवलं. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं, पण व्यवस्था प्रत्येक वेळी निर्दोष. आपल्याला हे ओळखीचं वाटत नाही का? ‘यांच्यात गुणवत्ताच नाही’ हे याच कारखान्यातलं वाक्य आहे.

जीन्सचा मुद्दा झाकायचा नाही, तपासायचा

आम्ही इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण अर्धवट युक्तिवाद विरोधकांच्या हातात कोलीत देतो. स्तनाच्या कॅन्सरचे प्रकार असतात. त्यांतला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ हा आक्रमक प्रकार काळ्या स्त्रियांमध्ये गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळतो. त्यावर हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत. डॉ. लिसा न्यूमन यांच्या गटाने घाना आणि इथिओपियातल्या स्त्रियांचा अभ्यास केला. पश्चिम आफ्रिकेतल्या घानात हा प्रकार खूप जास्त आढळला, पूर्वेच्या इथिओपियात तितका नाही. म्हणजे वंशावळीचा काही भाग यात असू शकतो. पण त्याच अभ्यासाने हेही दाखवलं की ‘काळा वंश’ नावाची एकच जैविक पेटी नसते. एका खंडातल्या दोन काळ्या स्त्रियांमध्येच एवढा फरक आहे.

आता तीन प्रश्न. पहिला: सगळा दोष ट्रिपल निगेटिव्हचा असेल, तर ज्या प्रकारावर गोळ्या उत्तम चालतात त्या प्रकारातही काळ्या स्त्रिया जास्त का मरतात? अभ्यासांत हा फरक स्तनाच्या कॅन्सरच्या सगळ्या उपप्रकारांत दिसला आहे. दुसरा: अमेरिकेतल्या ५० मोठ्या शहरांची तुलना झाली तेव्हा काळ्या-गोऱ्या मृत्यूंतली दरी शहरागणिक वेगळी निघाली. मेम्फिस सगळ्यांत वाईट निघालं, काही शहरांत दरी फारच लहान होती. शहराची हद्द ओलांडली की जीन्स बदलतात का? तिसरा प्रश्न वर आलाच आहे: १९८० च्या आधी हे जीन्स कुठे झोपले होते?

‘मग हा गरिबीचा प्रश्न आहे, वर्णाचा नाही’ असं म्हणणारे डावे मित्र आपल्याकडेही भरपूर आहेत. त्याचंही उत्तर संशोधनात आहे. ६५ वर्षांखालच्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात, काळ्या स्त्रियांच्या जादा मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या विम्याच्या फरकाने समजावता आला. म्हणजे पैसा, विमा हे मोठं कारण आहेच. गरिबीविरुद्ध लढाच. पण उरलेला भाग गरिबीच्या एका शब्दात बसत नाही. बाई ‘दुखतंय’ म्हणाली तर तिच्यावर विश्वास बसतो का, बायोप्सी किती दिवसांनी होते, तिच्या वस्तीजवळच्या केंद्रातलं यंत्र आणि फिल्म वाचणारा डॉक्टर कसा आहे, आयुष्यभर सोसलेल्या अपमानाचा ताण शरीर कसं झिजवतो, हे सगळं त्यात येतं. गरीब असणं आणि गरीब-काळी असणं यात फरक आहे. गरीब असणं आणि गरीब-महार, गरीब-मातंग, गरीब-पारधी असणं यात फरक आहे, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

वर्णभेद शरीरात कुठल्या वाटेने शिरतो याचं एक उदाहरण केसांचं. २०२२ मध्ये ‘सिस्टर स्टडी’ या ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात आढळलं की केस सरळ करणारी रसायनं वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होतं. हे शेवटचं सिद्ध झालेलं कारण आहे असं कुणी म्हणत नाही, पण धोक्याची घंटा आहे. ही रसायनं वापरणाऱ्यांत बहुसंख्य कोण होत्या? काळ्या स्त्रिया. त्या हौसेखातर वापरतात म्हणून सोडून देऊ नका. कुरळ्या केसांनी शाळेत आणि नोकरीत भेदभाव होतो म्हणून कॅलिफोर्नियाला २०१९ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. नोकरी टिकवायची तर केस सरळ करा, आणि केस सरळ केले तर पोटाशी जोखीम. रंग उजळ करायच्या क्रीमवर वाढलेल्या आपल्या मुलींना हे वेगळं समजवायला नको.

हार्लेमने काय करून दाखवलं

आता सर्वांत महत्त्वाचं. ही दरी भरते का? भरते. तिथल्या लोकांनी करून दाखवलं आहे.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरल्ड फ्रीमन हे कृष्णवर्णीय सर्जन काम करत होते. हार्लेमच्या सार्वजनिक इस्पितळात १९६४ ते १९८६ या काळात स्तनाच्या कॅन्सरच्या ६०६ रुग्ण स्त्रिया आल्या. बहुतेक गरीब, बहुतेक कृष्णवर्णीय. जवळपास निम्म्या तिसऱ्या-चौथ्या स्टेजला पोहोचूनच आल्या. पाच वर्षांनंतर जिवंत होत्या फक्त ३९ टक्के.

फ्रीमन यांनी नवं औषध शोधलं नाही. त्यांनी मोफत किंवा अगदी कमी खर्चात तपासणी सुरू केली, आणि १९९० मध्ये ‘पेशंट नॅव्हिगेटर’ नेमले. नॅव्हिगेटर म्हणजे वाट दाखवणारी, वस्तीची भाषा बोलणारी व्यक्ती. तपासणीत शंका आली की त्या बाईचा हात धरायचा आणि उपचार पूर्ण होईपर्यंत सोडायचा नाही. तारीख मिळवून द्यायची, कागद भरून द्यायचे, विम्याशी भांडायचं, भीती ऐकून घ्यायची. १९९५ ते २००० या काळात त्याच इस्पितळात आलेल्या ३२५ स्त्रियांपैकी पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्के झालं. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला येणाऱ्या ४९ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आल्या. इस्पितळ तेच, भाग तोच. मधल्या काळात औषधं सुधारली हेही खरं, पण बायका लवकर आल्या म्हणून ती औषधं कामी आली.

दुसरं उदाहरण नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो इथलं. १९६० मध्ये जिथे काळ्या विद्यार्थ्यांनी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर ठिय्या दिला, तेच हे शहर. तिथल्या कार्यकर्त्यांनी, संशोधकांनी आणि डॉक्टरांनी एकत्र येऊन, पिट्सबर्गच्या कॅन्सर केंद्रालाही सोबत घेऊन, ‘अक्युअर’ नावाचा अभ्यास केला. स्तन आणि फुप्फुसाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये उपचार पूर्ण करणाऱ्यांत आधी गोरे ८७ टक्के होते, काळे ८० टक्के. त्यांनी तीन गोष्टी केल्या. रुग्णाची तारीख चुकली की संगणकावर लगेच इशारा यायचा. वर्णभेद म्हणजे काय हे शिकलेल्या नॅव्हिगेटर नेमल्या. आणि डॉक्टरांच्या गटाला नियमित आकडे दाखवले: तुमच्या काळ्या रुग्णांपैकी इतक्यांनी उपचार पूर्ण केले, गोऱ्यांपैकी इतक्यांनी. निकाल काय लागला? काळे ८८ टक्के, गोरे जवळपास ९० टक्के. दरी जवळजवळ मिटली, आणि गोऱ्यांचाही फायदा झाला. ‘एकाला दिलं की दुसऱ्याचं जातं’ म्हणणाऱ्या आरक्षणविरोधकांनी हे नीट वाचावं.

या दोन्ही उदाहरणांत समान धागा आहे तो मोजणीचा. हार्लेमचे आकडे फ्रीमन यांनी मांडले म्हणून सुधारणा सुरू झाली. ग्रीन्सबरोत डॉक्टरांसमोर वर्णनिहाय आकडा ठेवला म्हणून त्यांची वागणूक बदलली. एकही डॉक्टर सकाळी उठून ‘आज काळ्या बाईला मारतो’ असं ठरवत नाही. ‘मी भेदभाव करत नाही’ असंच प्रत्येकाला मनापासून वाटतं. आकडा समोर आल्यावर ते वाटणं कोसळतं.

मोजायचं कसं हेही राजकारण असतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचंच बघा. मृत्युदर काढताना सगळ्या स्त्रिया भागाकारात धरल्या जायच्या, ज्यांची पिशवी ऑपरेशनने काढलेली आहे त्याही. आता जिला गर्भाशयमुखच उरलेलं नाही तिला तो कॅन्सर होणार कसा? २०१७ मध्ये संशोधकांनी अशा स्त्रिया वगळून पुन्हा हिशेब केला. काळ्या स्त्रियांचा मृत्युदर लाखामागे ५.७ वरून १०.१ वर गेला. गोऱ्यांचा ३.२ वरून ४.७ वर. काळ्या स्त्रियांमध्ये पिशवी काढण्याचं प्रमाण जास्त असल्यामुळे त्यांचे मृत्यू जास्त झाकले जात होते. दरी होतीच, पण आकडेमोडीने ती निम्मी लपवली होती.

म्हणूनच सत्तेला मोजणी नको असते. २०२५ मध्ये अमेरिकेच्या ट्रम्प सरकारने राष्ट्रीय आरोग्य संस्थेची शेकडो अनुदानं रद्द केली. वर्ण, विविधता, विषमता हे शब्द असलेलं संशोधन खास निशाण्यावर होतं. जूनमध्ये एका संघीय न्यायाधीशाने हे बेकायदा ठरवलं, तर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ती अनुदानं तूर्त रोखायची मुभा दिली. तिथे मोजणी बंद पाडायला सरकारला आदेश काढावे लागले. आपल्याकडे तसा आदेश काढायची वेळच आली नाही.

आपल्याकडचा रिकामा रकाना

मुंबईत लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी १९६३ पासून आहे. देशपातळीवरचा नोंदणी कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. आपल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. एवढ्या वर्षांचे अहवाल आहेत. वय, लिंग, अवयव, जिल्हा, सगळं आहे. जातनिहाय कॅन्सरचा तक्ता या प्रसिद्ध अहवालांत सापडत नाही.

‘असं समाजनिहाय बघणं शास्त्रीय नाही’ असं कुणी म्हणत असेल तर त्याला विचारा: मुंबईच्या नोंदीवरून पारशी, ख्रिस्ती, मुस्लिम समाजांतल्या कॅन्सरवर स्वतंत्र निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापले गेले ते कसे? पारशी स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर जास्त आहे, हे कळलं कारण धर्म नोंदवला होता. धर्म विचारायला लाज वाटली नाही. जात आली की मात्र विज्ञान एकदम ‘जातिनिरपेक्ष’ होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण घरोघर जाऊन अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास अशी नोंद घेतंच. म्हणजे विचारता येतं. विचारायचं नाही, एवढंच.

जे थोडे आकडे आहेत तेच बोलके आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं की भारतात दलित स्त्रीचं मृत्यूवेळचं सरासरी वय सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. त्यात कॅन्सरचा वाटा किती, हे आपल्याला कुणी सांगू शकत नाही, कारण तो रकानाच रिकामा आहे.

मोजणी नाही म्हणून आपल्या बायका संशोधनात नाहीत असं मात्र समजू नका. काळ्या हेन्रिएटा लॅक्सच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये बाल्टिमोरला तिला न विचारता पेशी घेतल्या गेल्या. त्या पेशींवर जगाचं वैद्यकशास्त्र उभं राहिलं, आणि ती स्वतः नावाच्या दगडाशिवाय पुरली गेली. आपल्याकडे १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख स्त्रियांवर, आणि त्यानंतर उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या तपासणीचे अभ्यास झाले. मुंबईच्या अभ्यासाला पैसा अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचा होता, उस्मानाबादच्या अभ्यासाला गेट्स फाउंडेशनचा. काही गटांची तपासणी झाली, तुलनेच्या गटाची झाली नाही. या दोन आणि तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या अभ्यासात मिळून तपासणी न झालेल्या गटांतल्या २५४ स्त्रिया याच कॅन्सरने मेल्या, असा हिशेब टीकाकारांनी मांडला. समर्थनाचा मुद्दा काय होता? भारतात तशीही या बायकांची तपासणी होत नाही, म्हणून ‘तपासणी नाही’ हाच इथला नेहमीचा उपचार. ज्यांना व्यवस्थेने काहीच दिलं नाही, त्यांना काही न देणं हा शास्त्रीय निकष झाला!

या अभ्यासांतून काहीच निघालं नाही असं नाही. मुंबईत व्हिनेगरच्या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबादेत एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे झाले. मग ते ज्ञान त्या बायकांकडे परत आलं का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या होत्या १.९ टक्के. स्तनाची तपासणी झालेल्या ०.९ टक्के.

आणि आता भागाकाराचा तो मुद्दा आठवा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या पिशव्या काढण्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली निघाली. पाळीत सुट्टी घेतली तर खाडा पडतो, उचल फिटत नाही, आणि डॉक्टर सांगतो कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. कॅन्सरची तपासणी नाही, पण कॅन्सरची भीती मात्र घरपोच. या बायकांत मागास जाती आणि भटक्या-विमुक्तांच्या किती, हे विचारणं आपलं काम आहे. उद्या या भागात गर्भाशयमुखाचा कॅन्सर ‘कमी’ दिसला तर तो कशामुळे कमी दिसला, हेही आपणच विचारलं पाहिजे.

मग करायचं काय?

वस्तीत काम करताना आम्हाला दिसतं की बाई गाठ सहा-सहा महिने अंगावर काढते. ती अडाणी आहे म्हणून नव्हे. तिला माहीत असतं. पण इस्पितळाच्या तीन चकरा म्हणजे तीन दिवसांची मजुरी, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून चौथी चकरा, आणि प्रत्येक खिडकीवर ‘बाई, बाजूला उभ्या राहा’. हे तिचं एकटीचं दुर्दैव म्हणून सोडून द्यायचं, की जातीच्या रकान्यात मांडून सरकारपुढे ठेवायचं, हा आपला निर्णय आहे.

आमच्या मागण्या अशा.

पहिली, कॅन्सर नोंदणीत अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, खुला अशी नोंद हवी, आणि कुठल्या स्टेजला निदान झालं, उपचार पूर्ण झाला का, याचे जातनिहाय आकडे दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जातगणना जाहीर केली आहे. जनगणनेत जात चालते तर आजाराच्या नोंदीत का नाही?

‘इस्पितळात जात विचारली तर आपल्याच माणसाचा अपमान होईल’ ही भीती खरी आहे, ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. जात कळल्यावर बोलण्याचा सूर कसा बदलतो हे आपण भोगलं आहे. म्हणून ही नोंद ऐच्छिक असावी, उपचार सुरू झाल्यावर नोंदणी कर्मचाऱ्याने घ्यावी, डॉक्टरच्या केसपेपरवर ती दिसू नये, आणि नावाशिवायच आकडा बाहेर यावा.

दुसरी, प्रत्येक जिल्ह्यात वस्तीतल्याच स्त्रियांमधून पगारी नॅव्हिगेटर नेमाव्यात. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक फुकटचं काम नको.

तिसरी, ज्या भागांत अभ्यास झाले, जिथे पिशव्या काढल्या गेल्या, तिथे तपासणी हक्क म्हणून आधी पोहोचावी.

आणि चौथी मागणी आपल्या चळवळीकडे आहे. १४ एप्रिलला आपण रक्तदाब-साखरेचं शिबिर लावतो, फोटो काढतो, बॅनर उतरवतो. ज्या बाईला ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ म्हणून चिठ्ठी दिली, ती पुढे गेली का, हे किती मंडळांनी पाहिलं? ब्लॅक पँथरने १९७० च्या आसपास वस्त्यांत मोफत दवाखाने चालवले. त्यांचं नाव घेऊन आपली दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं, तो दवाखाना मात्र आपण फारसा घेतला नाही. अंगावरून जाणं, स्तनातली गाठ हे विषय ‘बायकांचे’ म्हणून आपल्या बैठकांत येत नाहीत, आणि बैठकीत बोलणारे बहुतेक पुरुषच असतात, हेही लपवायचं कारण नाही.

सुरुवात छोटी करा. प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवा. तपासणीला कोण गेलं, चिठ्ठी कुणाला मिळाली, तारीख कधीची, कोण सोबत गेलं, कुठे अडलं. वही दोन महिला कार्यकर्त्यांकडेच राहील, कुणाचं नाव बाहेर जाणार नाही, एवढी शिस्त पाळा. वर्षभराने अशा पन्नास वह्या एकत्र केल्या तर जिल्हाधिकाऱ्यासमोर ठेवायला आपल्याकडे घोषणेसोबत आकडाही असेल. ड्युबॉइसने फिलाडेल्फियात सुरुवात घरोघर जाऊनच केली होती.

यानंतर कुणी ‘कॅन्सर जात बघत नाही’ म्हणालं तर वाद घालत बसू नका. एवढंच विचारा: मग जातनिहाय आकडे दाखवायला अडचण काय आहे?

जय भीम!